शेजारचा ब्रेक

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. तुम्हाला बाजूचं दिसत नाही, गाडी चालवणं आता बंद, असं त्यांनी तुम्हाला दोनदा बजावलं म्हणे. डॉक्टर काय म्हणाले असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही डॉक्टर स्वभावाने बरे आहेत एवढंच सांगितलंत.

दोन्ही गाड्या काढून टाका. ड्रायव्हिंग स्कूल कधीच बंद झालं. ती लाल गाडी आणि तो डबा दारात असेपर्यंत तुम्ही गप्प बसणार नाही. मी चिडलेली नाही, घाबरलेली आहे. हवं तर माझ्यावर रागवा, पण विका.

लोभ गाड्यांपेक्षा थोडा जास्त माझ्यावर असावा.

तुमची लेक


९ मार्च

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुलना केल्याशिवाय निर्णय घेऊ नये, म्हणून केली. लाल गाडी चढावर अजून कुणाला ऐकत नाही. वळणावर रस्ता सोडत नाही. पण दारं दोनच. बसताना कमरेत वाकावं लागतं आणि उतरताना कुणाला तरी हाक मारावी लागते. डब्याला पळणं माहीत नाही, चढ दिसला की तो विचारात पडतो. पण तुझ्या आईचं शिलाई मशीन त्यात टेबलासकट मावलं होतं, आणि पेट्रोल नुसतं हुंगून चालतो.

लाल गाडी पलीकडच्या सुताराच्या जावयाला दिली. ती गेली तेव्हा मी बाहेर आलो नाही. वाईट वाटलं.

डबा मात्र इतक्यात देणार नाही. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे तो त्यातच. रस्त्यावर जाणार नाही, शब्द देतो. पण बंद कारखान्याच्या मैदानात एकदा स्टिअरिंग हातात घेऊ दे. अख्खा जन्म लोकांना शिकवण्यात गेला, शेवटची फेरी तरी स्वतः मारावी असं वाटतं. शेजारी कोण बसणार ते तू ठरव.

काळजी नसावी. डॉक्टर अजूनही बरे आहेत.

तुझे बाबा


१४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी येते. मैदानाच्या रखवालदाराशी बोलले, तेवढा वेळ फाटक लावून ठेवतो म्हणाला. शेजारी मी बसेन. फेरी झाली की किल्ली माझ्याकडे.

डब्यात शिकत होते तेव्हा मला वाटायचं, आपला ब्रेक काय छान लागतो. तुम्हीही तसंच म्हणायचात. मग स्वतःची गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी ऑफिसच्या फाटकावर नेऊन आदळली. तेव्हा कळलं, इतके दिवस ब्रेक तुम्हीच लावत होतात. तेही खिडकीबाहेर बघत, काहीतरी गुणगुणत, जसं काही तुमचा संबंधच नाही. फार राग आला होता तुमचा. आता येत नाही.

तर शनिवारी बिनधास्त चालवा. ब्रेक तुमचा छान लागेल. मी खिडकीबाहेर बघत असेन.

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची घाईबाई