समोरचे चार पोर्ट

३ जून, सोमवार
आज ठरलं. घरच्या कॉम्प्युटरला नवीन कॅबिनेट आणि समोर चार यूएसबी पोर्ट. बारा वर्षांचा जुना डबा, मागचे दोनच पोर्ट चालू, त्यात कीबोर्ड आणि माऊस ठाण मांडून बसलेले. हिला एम्ब्रॉयडरीची डिझाइनं पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला द्यायची असतात, म्हणून दर वेळी माऊस उपटते. शाळेत सोळा वर्षं कॉम्प्युटर शिकवणाऱ्याच्या घरात हे शोभत नाही. तिचं काही अडत नाही म्हणाली. संकोच, दुसरं काय.

४ जून, मंगळवार
कॅबिनेट आणलं. दुकानातला दुरुस्तीवाला म्हणाला, इथेच आणून द्या, अर्ध्या तासात जोडतो. मी हसलो. कुठे शिकवतो ते सांगितलं. त्यावर त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि बिल पुढे केलं.

हिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली आहे. एका शाळेचे तीनशे बॅज, पंधरा तारखेला द्यायचे. तोवर थांबा म्हणते. रविवारी दोन तासांचं काम, थांबायचं कशाला?

८ जून, शनिवार
पूर्वतयारी. हार्ड डिस्क फॉरमॅट केली. अपग्रेड कोऱ्या पाटीवरच करावं. आधी रीतसर विचारलं, बॅजचं डिझाइन पेन ड्राइव्हवर आहे ना? आहे म्हणाली. का विचारतोय ते सांगायचं राहिलं.

९ जून, रविवार, सकाळी ९
झाकण उघडलं. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर आतून प्रथमच पाहिला. शाळेत तो फळ्यावर असतो. धूळ फार.

दुपारी १
बोर्डवर यूएसबीच्या पिना सापडल्या. दोन ओळी, त्यात एक पिन कमी. कारखान्याचा हलगर्जीपणा. कॅबिनेटच्या वायरी सुट्या आहेत. मॅन्युअल म्हणतं, लाल पहिली, काळी चौथी. माझ्या नोट्समध्ये नेमकं उलट. ही आकृती काढून सोळा बॅचेसनी पैकीच्या पैकी मार्क घेतलेत. मॅन्युअलमध्ये छपाईची चूक आहे. नोट्सप्रमाणे लावलं.

दुपारी ३
चाचणी. उद्घाटन हिच्याच पेन ड्राइव्हने केलं. तापला. म्हणजे वीज पोचते आहे. मग वास आला. मग कॉम्प्युटर बंद पडला.

१० जून, सोमवार
पेन ड्राइव्ह गेला. हिने एवढंच विचारलं, कॉम्प्युटरवर कॉपी असेल ना? बघतो म्हटलं. शाळेत आज जरा उशिरापर्यंत थांबलो.

११ जून, मंगळवार
सांगून टाकलं. तीन दिवसांचं काम होतं म्हणे. दुसऱ्यांदा केलेलं जास्त सुबक होतं, असं समजावलं. संध्याकाळी मेव्हणी गाडी घेऊन आली. दोघी बहिणींनी एम्ब्रॉयडरी मशीन उचलून गाडीत घातलं. मेव्हणीकडे साधाच कॉम्प्युटर आहे. त्याचे पोर्ट तपासून देऊ का विचारलं. तिने गाडीचं दार जोरात लावलं. घाईत असावी.

१३ जून, गुरुवार
दुरुस्तीवाल्याला बोलावलं, फक्त दुसरं मत म्हणून. वायरी कुणी लावल्या विचारत होता. आधी एक जण येऊन गेला म्हटलं. त्याने लाल आणि काळीची अदलाबदल केली. बोर्ड वाचला आहे. वीस मिनिटं लागली. टेबलावरच्या नोट्स बघून म्हणाला, सर, मी तुमच्याच वर्गात होतो, धंद्यात पडल्यावर ही आकृती आधी विसरावी लागली. पाया पक्का असला की मुलं पुढे जातात.

१५ जून, शनिवार
हिचा फोन. डिझाइन पुन्हा केलं, तीनशे बॅज वेळेवर पोचले. शाळेने आणखी पाचशेंची ऑर्डर दिली. मी म्हटलं, आता मशीन घेऊन ये, चारही पोर्ट तयार आहेत. ती शांतपणे म्हणाली, "मी येते संध्याकाळी. मशीन इकडेच राहू दे. इथे मला कुणी मदत करत नाही."

नेटवर्क खराब होतं. नीट ऐकू आलं नसेल.

२३ जून, रविवार
नीट ऐकू आलं होतं. ही सकाळी मेव्हणीकडे जाते, दिवे लागल्यावर येते. मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे डाग आहेत, पुसून गेले नाहीत. दिवसभर त्या मशीनचा आवाज नाही, तर घर खायला उठतं. वाईट वाटतं. इथे लिहायला हरकत नाही.

चारही पोर्ट उत्तम चालतात. आज एकेकात माऊस लावून पाहिला.