सर्वोत्तम सहायक अभिनेता: कोपऱ्यातला म्हातारा

२९ नोव्हेंबर
अखेर न्याय झाला. सकाळी फिल्म क्लबच्या सेक्रेटरी मॅडमचा फोन. ‘वर्षातले माझे सर्वोत्तम सिनेमे आणि अभिनय’ हे डिसेंबरचं भाषण यंदा मी करायचं. गेली तीन वर्षं ते दातांचा डॉक्टर करतोय. त्याचा दवाखाना माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या बरोबर वर आहे. त्याच्या मशीनची घरघर रोज ऐकतो आणि त्याची मतं महिन्यातून एकदा. मॅडम म्हणाल्या की क्लबचा नवा अध्यक्ष त्याच दिवशी ठरायचा आहे, तेव्हा भाषण जरा मनावर घ्या. याचा अर्थ न कळायला मी काही दुधखुळा नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून लेखन. कुणाची भीडभाड ठेवायची नाही. डॉक्टरचा उल्लेख आदराने, पण एकदाच.

३० नोव्हेंबर
साडेआठला उठलो. थंडी फार.

यंदा क्लबचा एकही परदेशी सिनेमा मी चुकवला नाही, आणि प्रत्येक सिनेमा शांतपणे पाहिला. शांतता मुद्दाम मिळवावी लागली. पूर्वी आमची ही माझ्या शेजारी बसायची आणि पडद्याखाली येणारी भाषांतराची अक्षरं माझ्या कानाशी पुटपुटायची. नऊ वर्षं ऐकून घेतलं. गेल्या जानेवारीत सांगून टाकलं, तोंड मिटून बसता येत नसेल तर मागे जाऊन बस. जरा मोठ्याने सांगितलं गेलं. हॉल लहान आहे. तेव्हापासून ही शेवटच्या रांगेत मॅडमशेजारी बसते आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवतो. ऐसपैस वाटतं.

खालची अक्षरं मी स्वतः वाचत नाही. सिनेमा बघायचा असतो. वाचायला वर्तमानपत्र आहे.

१ डिसेंबर
महिन्याची पहिली तारीख, म्हणून नियमाप्रमाणे स्वतःचे डोळे तपासले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून समोरचा तक्ता वाचायचा. शेवटची ओळ घडाघडा वाचली. मध्येच वीज गेली, तरी अडखळलो नाही. छप्पन्नाव्या वर्षी अंधारात शेवटची ओळ वाचणारा माणूस या गावात दुसरा नसेल. तक्ता दुकान उघडल्यापासून तोच आहे. जुन्या मालाची गोष्टच वेगळी.

दुपारी एक निवृत्त पोस्टमास्तर आले. लांबचं दिसत नाही, पण चष्मा नको म्हणे, म्हातारा दिसतो. त्यांना चांगलं सुनावलं. माणसाला स्वतःचं वय कबूल करायला इतकं जड का जावं, मला कळत नाही.

४ डिसेंबर, दुपार
दुकानात कोणी नाही. भाषणाला हात घातला.

सर्वोत्तम छायांकन: विभागून, सगळ्यांनाच. यंदा जगभरच्या कॅमेरामननी जणू ठरवून एक शैली आणली. सगळं धूसर, कडा विरघळलेल्या, प्रत्येक दिव्याभोवती एक तेजाचं कडं. गेल्या वर्षी एवढं नव्हतं. आणि गंमत म्हणजे हल्ली आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही तसंच कडं दिसतं. म्हणजे ही मंडळी वास्तवाच्या किती जवळ गेली आहेत! हे वाक्य भाषणात घेतलं.

सर्वोत्तम अभिनेत्री: आई आणि मुलगी यांच्या सिनेमातली बाई. दुहेरी भूमिका, तीही इतकी बेमालूम की शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

६ डिसेंबर
आज तर हात थांबेना. सर्वोत्तम सहायक अभिनेता! एका विधवेची गोष्ट होती. तिच्या घरात, दाराजवळच्या कोपऱ्यात, लांब कोट आणि हॅट घातलेला एक म्हातारा उभा असतो. बहुधा सासरा. सगळा सिनेमाभर तो एक शब्द बोलत नाही, जागचा हलत नाही. लोक येतात, जातात, कुणी त्याला बस म्हणत नाही. शेवटी ती विधवा त्याला मिठी मारून ढसाढसा रडते, आणि तो? तो तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवत नाही! आजकालच्या नटांना असं गप्प उभं राहायला सांगा बरं. लिहिताना माझे डोळे भरून आले.

८ डिसेंबर
सर्वोत्तम संवाद: यंदा कुणालाच नाही. लेखकांना झालंय काय? मागची वर्षं आठवली की जीव हळहळतो. तो राजाचा सिनेमा! लढाईला निघालेल्या राजाला राणी म्हणते, ‘ओला टॉवेल पलंगावर टाकणारा माणूस राज्य काय सांभाळणार?’ वा! मी इतका हललो होतो की पुढे महिनाभर टॉवेल दोरीवर वाळत घातला. आणि तो बोटीचा कप्तान, ज्याला बायको विचारते, ‘समुद्राची खोली मोजता, पण माझ्या बहिणीला फोन केलात का?’ भाषा कुठलीही असो, सगळ्या नायिका कशा अगदी घरच्या वाटायच्या.

दरवेळी मी ही वाक्यं क्लबात उद्धृत करायचो आणि दरवेळी डॉक्टर म्हणायचा की असं वाक्य सिनेमात नव्हतंच. बाकीचे त्याचीच री ओढायचे. लक्ष नसतं लोकांचं. यंदा मात्र एकही वाक्य मनात राहिलं नाही. खरं सांगायचं तर एकही ऐकल्याचं आठवत नाही.

११ डिसेंबर
संध्याकाळी हिला भाषण वाचून दाखवलं. ही मटार सोलत होती. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापाशी आलो तसे हिचे हात थांबले. कुठला म्हातारा म्हणाली. सविस्तर सांगितलं. ही तडक उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डोकावलो तर ओट्याला धरून पाठमोरी उभी, खांदे गदगदा हलताहेत. माझ्या शब्दांत एवढी ताकद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, यातलं एक अक्षरही बदलू नका.

लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा हिने माझ्या लेखनाला मनापासून दाद दिली.

१३ डिसेंबर
बायकांचं मन! आज म्हणते की ते म्हाताऱ्याचं राहू द्या. का, तर सांगत नाही. आधी डोळे तपासून घ्या म्हणते. माझे डोळे! हिच्यासमोर खुर्चीत बसून तक्ता म्हणून दाखवला. मग हिने समोरच्या इमारतीवरचा फलक वाचायला सांगितला. मी म्हटलं, इतकी भिकार छपाई मी वाचत नसतो. ही म्हणाली, बरं. तिचं ते ‘बरं’ मला चांगलं माहीत आहे. तरी माघार घेतली नाही.

१५ डिसेंबर
दातांचा डॉक्टर फ्रेम घ्यायला खाली आला. त्याचा नंबर पावाने वाढलाय. दिवस छान गेला.

भाषणाच्या वेळी पडद्यावर दृश्यं दाखवायचं काम त्याच्याकडेच आहे. त्याला म्हटलं, विधवेचा सिनेमा शेवटच्या मिठीपाशी थांबवून ठेवायचा, म्हणजे म्हातारा सगळ्यांना नीट बघता येईल. त्याने दोनदा विचारलं, म्हातारा? मग मान डोलावून गेला. जिन्यात तो खोकल्यासारखा आवाज करत होता. तब्येत बरी नसावी.

१७ डिसेंबर
आजपासून आवाजाचा सराव. कोमट पाणी.

१८ डिसेंबर
सराव नाही. घसा बसला, कालच्या सरावाने.

१९ डिसेंबर
अध्यक्ष झाल्यावर करायचे बदल लिहून काढले. दातांच्या डॉक्टरला उपाध्यक्ष करायचं. मन मोठं असावं. हिला म्हटलं, उद्या पुढच्या रांगेत बस. म्हणाली, मला मागेच बरं पडतं. म्हटलं, तुझी मर्जी. पण वाईट वाटलं.

२० डिसेंबर
लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

हॉल भरलेला. धूसर छायांकनाला लोक हसले. मला वाटलं, आनंदाने. दुहेरी भूमिकेला जास्त हसले. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी म्हटलं की त्या दोन वेगळ्या बायका आहेत, एक तर चांगली फूटभर उंच आहे. मी म्हटलं, हीच तर अभिनयाची कमाल. टाळ्या पडल्या.

मग म्हातारा. आवाज खाली आणला, थांबत थांबत बोललो. डॉक्टरला खूण केली. दृश्य पडद्यावर आलं आणि मी बोट दाखवायला वळलो. आजवर मी पडदा कायम खुर्चीत बसून पाहिला होता. आज तो माझ्यापासून हातभर होता.

कोट होता. हॅटही होती. आत कोणी नव्हतं. खुंट्यांच्या लाकडी स्टँडवर मेलेल्या नवऱ्याचा कोट अडकवलेला, आणि ती बिचारी त्याला मिठी मारून रडत होती.

असा हशा त्या हॉलने कधी ऐकला नसेल. मॅडमनी रुमाल तोंडात कोंबला होता. मीही हसलो. मुद्दाम केलं होतं, असा चेहरा करून हसलो आणि खाली वाकून नमस्कार केला. डॉक्टर उठला आणि गंभीरपणे म्हणाला की इतका उच्च विनोद या क्लबात आजवर झाला नव्हता, यांना कायमचं विनोदाचं खातं द्यावं. लगेच ठराव झाला. अध्यक्ष अर्थात तोच. मी वार्षिक स्नेहसंमेलनात नकला करणार आहे म्हणे.

सगळ्यांत फक्त ही हसली नाही. मी स्टेजवरून उतरायला लागलो तेव्हा कोण जाणे कधी पुढे आली आणि माझं कोपर धरलं. एक पायरी अजून आहे, एवढंच म्हणाली. होती.

लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

२१ डिसेंबर
दुकान बंद ठेवलं. दुपारी ही एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मार्करने काहीतरी लिहून घेऊन आली. दिवाणखान्याच्या त्या टोकाला टांगून म्हणाली, हा तक्ता पाठ नाही ना तुम्हाला? वाचा.

वरची ओळ वाचली. ‘अहो.’ पुढचं काही केल्या दिसेना. मी म्हटलं, अक्षर गचाळ आहे तुझं. शेवटी उठून जवळ गेलो. खाली लिहिलं होतं, ‘आता तरी चष्मा लावा.’

किती दिवसांपासून ठाऊक आहे म्हणून विचारलं. म्हणाली, दिवसांपासून? नऊ वर्षं कानाशी काय उगीच वाचत होते मी?

सॉरी म्हटलं. ही कॅलेंडर गुंडाळायला लागली.

२३ डिसेंबर
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, तूर्त नंबरवर भागेल. धंदा काय करता म्हणून विचारलं. किरकोळ विक्री म्हटलं.

२७ डिसेंबर
चष्मा आला. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून लावला. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत एक अक्षर मी आजवर चुकीचं म्हणत होतो. त्या अक्षरापायी किती गिऱ्हाइकांना मी नापास केलं असेल, याचा विचार सध्या करायचा नाही, असं ठरवलं.

रस्त्यावरच्या दिव्यांची कडी गेली. घरी आलो तर दारात ही. हिचे केस एवढे पांढरे कधी झाले? तसं बोलून दाखवलं नाही. पण ही म्हणाली, दिसलं वाटतं.

१ जानेवारी
नवीन तक्ता मागवला. हिला म्हटलं, यंदा पहिल्या सिनेमाला शेजारी बसशील का? म्हणाली, पिशवी कुठे ठेवणार? म्हटलं, मांडीवर.

संकल्प: यंदा खालचं प्रत्येक अक्षर वाचायचं. डिसेंबरात डॉक्टरला असा धडा शिकवायचा की तोंडाचा आ वासला पाहिजे.

४ जानेवारी
चष्मा लावून हॉलमध्ये गेलो. ही शेजारी, पिशवी मांडीवर. सिनेमा कुठल्याशा गुप्तहेराचा. सगळं लख्ख दिसत होतं, खालची अक्षरंही. त्यात फारसं काही नव्हतं. गुप्तहेर स्टेशनवर उतरतो, बायको म्हणते, ‘उशीर झाला.’ तो म्हणतो, ‘गाडी थांबली होती.’ मला जांभई आली.

तेवढ्यात हिने सवयीने कानाशी सुरू केलं. बायको म्हणते, ‘शत्रूच्या देशातून कागद बरोबर आणलेत, आणि माझी छत्री तिकडेच विसरलात?’ मी खाली पाहिलं. तिथे छत्रीचं नाव नव्हतं. पुन्हा ऐकलं. पुन्हा पाहिलं. गुप्तहेर पडद्यावर सही मागत होता आणि कानात कबूल करत होता की या वर्षातली ही त्याची तिसरी छत्री.

मध्यंतरात विचारलं. हिने आढेवेढे घेतले नाहीत. सुरुवातीला जे असायचं तेच वाचत होते म्हणाली. पण सिनेमे असे रटाळ, तुम्हाला झोप लागायची, झोप लागली की तुम्ही घोरता, आणि मग सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतो. म्हणून जरा रंगवून सांगायला लागले. राणीचं विचारलं. तिचंच. कप्तानाच्या बायकोचं? तिचंच. म्हणाली, घरी सांगून तुम्ही कुठे ऐकता? राणीने सांगितलं तर महिनाभर तरी टॉवेल दोरीवर गेला.

म्हणजे नऊ वर्षांतली माझी सगळी सर्वोत्तम संवादांची निवड, ज्यासाठी मी अर्ध्या क्लबाशी भांडलो, ती या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणी ऐकलेलीच नव्हती. दातांचा डॉक्टर दरवेळी खरं बोलत होता. हे त्याला कधीही सांगायचं नाही.

मध्यंतर संपलं, दिवे मालवले. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हिला म्हटलं, हं, पुढे?

घरी आल्यावर आंघोळ केली. टॉवेल दोरीवर टाकला.