पाच वेळा दहा मिनिटं

धाड,
१२ जानेवारी

प्रिय गणेशदादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. आज अंगणात खुर्चीवर बसून शेजारच्या अकरमचाचांबरोबर चहा घेतला. कप स्वतः धरला, डाव्या हातानं.

पुण्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन मी इथं आले, त्याला चौदा महिने झाले. विम्यासाठी आलेले दवाखान्याचे कागद तपासायचं माझं काम कुठूनही होतं, हे बाबांना लकवा मारल्यावर कळलं. त्याआधी मी साहेबांना कधी विचारलंच नव्हतं. आईच्या आजारपणातही नाही. त्याची बोच आहे. तुला सांगते, कारण तुलाही ती असावी असं वाटतं.

बाबांचा उजवा हात गेला, तसं बोलणंही गेलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून ओरडलेला माणूस पाणी मागायला बोट दाखवू लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्यातून एकदा माझ्याकडे आणून भागणार नाही. रोज पाच वेळा, दहा-दहा मिनिटं, घरच्या माणसानं यांच्याकडून बोलून घ्यायला हवं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे कुठून जमणार? मला जमलं. दोन मीटिंगांच्या मधे उठायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, पाणी, भाकर, चष्मा. दोन महिने नुसती घरघर. मग एका दुपारी मी सहज 'मोताळा' म्हणाले आणि ते म्हणाले, 'धामणगाव बढे.' त्यांच्या जुन्या गाडीचा पुढचा थांबा, अगदी स्वच्छ. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. बाहेर साहेबांचा फोन वाजत होता, वाजू दिला.

थांब्यांवरून हळूहळू घरातल्या शब्दांवर आलो. लाइट गेली की मी गच्चीवर मोबाईलच्या नेटवर काम करते. बोलण्याच्या सरावाची वेळ झाली की बाबा खालून काठी आपटतात. आणि दादा, या चौदा महिन्यांत त्यांच्याबरोबर जेवढी जेवले, तेवढी उभ्या जन्मात जेवले नव्हते. आधी ते सदा ड्युटीवर, मग आपण शिकायला बाहेर. त्यांना वांग्याच्या भाजीतलं वांगं आवडत नाही, नुसता रस्सा आवडतो, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

लकवा मारल्यावर बाबांना बघायला तू दवाखान्यात आला होतास, हे मला माहीत आहे. अकरमचाचांनी सांगितलं, 'दरवाज्यातूनच देखलं अन् वापस गेला.' मी दोष देत नाही. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू निघालास, तेव्हा बाबा भरल्या घरात म्हणाले होते, 'जाय, तुही नोकरीच तुही माय हाय.' ते कुणाच्याही काळजाला लागलं असतं. तुला रजा मिळाली नव्हती. तू हात जोडून मागितली होतीस, हेही मला ठाऊक होतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

आता खरं काम लिहिते. पुढच्या महिन्यापासून आमच्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलंय. दोनदा विनंती केली, नाही म्हणाले. राखीवहिनी सांगत होती, तुझं काम हल्ली घरूनच असतं. बाबा अजून अर्ध्या वाटेवर आहेत. आत्ता सोडलं तर आलेले शब्दही जातील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. काल मी त्यांना म्हटलं, 'बाबा, मले जा लागते.' ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, 'गणेशले... बोलाव.' त्यांनी माफी मागावी म्हणून तू थांबला असशील, तर ऐक, तेवढं लांब वाक्य त्यांना अजून जमत नाही. एका दमात दोनच शब्द येतात, आणि काल ते त्यांनी तुझ्यासाठी वापरले.

तुझीच,
सुचिता