कडी मी लावली होती

मी, भगवंत नत्थुजी इंगोले, वय वर्षे २३, मराठी सहावी पास, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतला दारावरचा माणूस, राहणार अकोला, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. उद्या सोमवारी फॅक्टरीतल्या आगीच्या खटल्यात कोर्टात माझी साक्ष आहे. खरे बोललास तर घरी पोचणार नाहीस, असा मालकाच्या माणसांचा निरोप आहे. म्हणून घाई.

१) बार्शीटाकळीच्या घरातला माझा हिस्सा आई पार्वताबाई हिला. तिला उद्याचे काही सांगितलेले नाही.

२) सायकल आणि पोस्टातली शिल्लक बहीण सिंधू हिला. तिची शाळा सोडवू नये.

३) काका खुशालराव यांनी दिलेला कोट त्यांना परत करावा. तो एकदाही अंगात घातलेला नाही. खोट्या जबाबाचा कागद मालकाकडून त्यांनीच आणला, मी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी कोट आला. त्यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

४) खरी हकीकत अशी. सुट्टीचा भोंगा होईपर्यंत बायकांनी बाहेर पडू नये म्हणून जिनघराला बाहेरून कडी लावण्याची फॅक्टरीची रीत होती. त्या दिवशी कडी मी लावली होती. यंत्राची ठिणगी कापसात पडली. आग दिसली की आधी बादल्या, असे आम्हाला शिकवलेले. मी आधी बादल्या आणल्या. कडी नंतर काढली. तोवर आत कामाला असलेली जमुनाबाई जळून मेली होती. दार उघडे होते व आग तिच्या बिडीने लागली, या जबाबातल्या दोन्ही गोष्टी खोट्या. ती बिडी ओढत नसे.

५) पुढे अमरावतीला एक बोलपट पाहिला. त्यातला कारकून मालकासाठी खोटी साक्ष देतो. त्याला शिक्षा होत नाही, कोणी ओळखतही नाही. शेवटी तो घरी जेवायला बसतो, मुलगी वाढते, तो जेवतो. एवढेच. पहिल्यांदा मला बरे वाटले की सुटला. तिसऱ्यांदा पाहून आल्यावर मी भरल्या ताटावरून उठलो. काका म्हणाले, "पिच्चर पाहून कोनी जेलात जाते काय बे?" मी जाणार.

६) मी कोर्टात पोचलो नाही, तर कलम चार हीच माझी साक्ष समजावी.

७) जमुनाबाईचा नवरा सूर्यभान याला सायकल द्यायचे मनात होते. काल त्याच्याकडे जाऊन सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "पयले बादल्या कावून?" मी सायकलीचे बोललो. ज्याला काही मिळते त्याने मृत्युपत्रावर साक्ष करू नये, असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले होते, तेही मी त्याला बोललो. तो म्हणाला, "मंग मले काईच देऊ नको. अंगठा मी देतो."

म्हणून त्याला काही दिलेले नाही.

अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड
रविवार, ता. ९ मार्च १९४१
सही: भगवंत नत्थुजी इंगोले

आमच्या समक्ष सही केली:
१. चिंतामण गोविंद देव, वकिलाचे कारकून
२. सूर्यभान किसन तायडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा