सगळ्यांत आधी बाहेर पडलेला

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (जमेल तितकंच वाकलोय, कंबर धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की डॉक्टरच थकले? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी नापास झालोय, माझी जागा गेली आहे आणि घरात हे अजून कोणालाही सांगितलेलं नाही. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

हॉस्पिटलच्या लाँड्रीचा मी इतकी वर्षं प्रभारी होतो, हे तुला ठाऊक आहेच. प्रभारी म्हणजे काम पूर्ण साहेबाचं आणि खुर्ची उसनी. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. मग नवे व्यवस्थापक आले आणि म्हणाले, कायमचं प्रमुख व्हायचं असेल तर नेतृत्व या विषयातली पदव्युत्तर पदवी घ्या. बराचसा अभ्यास ऑनलाइन आणि मधूनमधून निवासी वर्ग. (चादरी धुवायला पदवी कशाला, असं मी विचारणार होतो, पण त्यांच्या मागे भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या तीन पदव्या टांगलेल्या होत्या.) मी हो म्हणून बसलो.

ऑनलाइन वर्गाला मी चादरींच्या खोलीत बसायचो, कारण घरी मुलीचा अभ्यास चालतो आणि तिचा अभ्यास खरा असतो. माझ्या मागे पांढऱ्या चादरींची चवड दिसायची, त्यामुळे वर्गातल्या एका बँकेच्या मॅनेजरबाईंना वाटलं की मी तिथे पेशंट आहे. त्या रोज आपुलकीने 'आता बरं वाटतंय ना' म्हणून विचारायच्या. मीही पुढेपुढे 'थोडं बरं आहे' म्हणायला लागलो. पहिल्याच धड्यात प्राध्यापकांनी सांगितलं की खरा नेता आधी सगळ्यांचं ऐकतो आणि स्वतः शेवटी बोलतो. मग आम्हाला लहान गटांत चर्चेला पाठवलं. आमच्या गटात मी, मॅनेजरबाई आणि एक निवृत्त कर्नल. तिघंही शेवटी बोलायला टपून बसलो. कर्नल मान डोलवत होते, बाई मन लावून ऐकत होत्या, फक्त ऐकण्यासारखं काही नव्हतं. वेळ संपली तरी कोणी तोंड उघडलं नाही. प्राध्यापकांनी त्याला परिपक्व शांतता म्हटलं आणि आम्हाला उत्तम गुण दिले. तिथेच मी गाशा गुंडाळायला हवा होता.

शेवटचा निवासी वर्ग डोंगरावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात होता. खोल्यांना ओलसर वास, चादरी अर्ध्या सुकवलेल्या (हात लावला की मला कळतं, रात्रभर कुशीवर कुशी बदलत होतो). दुसऱ्या दिवशीचा धडा असा, की संकटात नेता सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो. धडा संपतो न संपतो तोच स्वयंपाकघरात काहीतरी करपलं आणि आगीची घंटा वाजायला लागली. सगळ्यांना वाटलं, हीच परीक्षा. ताई, कोणी हलेना. कर्नल दार धरून उभे, 'आधी तुम्ही' म्हणत. मॅनेजरबाई खोकून बेजार, पण त्याही 'नाही नाही, आधी तुम्ही'. प्राध्यापक तर व्यासपीठावरच, कारण त्यांना नेत्यांच्याही नंतर निघायचं होतं. धूर आत येत होता आणि आग्रह चालला होता. त्या सगळ्यांतून मी एकटा बाहेर पडलो. (वाट मोकळी करून द्यायला गेलो होतो, असं मी लेखी कळवलं आहे.) शेवटी आचारी जळलेलं पातेलं घेऊन आत शिरला आणि त्याने ओरडून सगळ्यांना एकगठ्ठा हाकललं. ते अंगणात आले तेव्हा मी तिथे आधीच उभा होतो, पायात एक माझी चप्पल आणि एक कर्नलांची.

संध्याकाळी निकाल. बाकी सगळे उत्तीर्ण. माझ्या नावापुढे शेरा, संकटात सहकाऱ्यांना सोडून गेले. प्राध्यापकांनी खांद्यावर हात ठेवून समजावलं की जगाला अनुयायांचीही गरज असते. मी विचारलं, कोणाच्या मागे जायचं, पुढे तर कोणीच जात नव्हतं.

परत आलो तर बाहेरून एक पदवीवाला तरुण आणून माझ्या खुर्चीत बसवला होता. मला तळघरात फाटक्या चादरी निवडायला बसवलंय. ताई, फार वाईट वाटतं गं. इस्त्रीवरच्या बाया अजून मलाच विचारायला येतात की हे कुठे ठेवू, आणि मी बोट वर करून त्यांना त्या तरुणाकडे धाडतो. घरी बायको रोज संध्याकाळी विचारते, आज लोकांनी ऐकलं का? मी म्हणतो, ऐकलं. फाटक्या चादरी ऐकतात. कायम झाल्यावर घालायला म्हणून तिने आधीच नवा शर्ट आणून ठेवला होता. तोच घालून मी तळघरात जातो.

बाकी काय लिहू? भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. घरी हे सगळं तू सांग. रविवारी सकाळी फोन कर, इकडचं तिकडचं विचार आणि मध्येच सहज सांगून टाक. मी तेव्हा भाजी आणायला गेलेला असेन.

आणखी एक ता. क. वाट मोकळी करायला गेलो होतो, हे खरं नाही. मी घाबरलो होतो. एवढं मात्र बायकोला सांगू नकोस.

वन्सं, नमस्कार. हे पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट अर्धवट चिकटवून. मी वाचलं. त्यांची जागा गेल्याचं मला हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हापासून रोज विचारते, लोकांनी ऐकलं का, म्हणजे त्यांना बोलायला वाट मिळेल. ते ऐकलं म्हणतात आणि ताटात बघत जेवतात. त्या आगीच्या घंटेच्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या त्यांनी मला फोन केला होता. पोरगी कुठे आहे, घरातला गॅस बंद आहे का बघ, म्हणाले. मी बघून येईपर्यंत फोन धरून उभे होते. तेव्हा तुम्ही मला काही सांगू नका, मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. रविवारी फोन त्यांना करा आणि एवढंच कळवा, की भाजी मी शनिवारीच आणून ठेवणार आहे.