कागदावरचे गरीब

१७ फेब्रुवारी
हेडमास्तर टिन्डेलना गरिबांचा उमाळा आलाय! आमच्यासारख्या खासगी शाळांचं सरकारी अनुदान आता पालकांच्या करपत्रकावरून ठरणार. सगळी घरं मिळकतीप्रमाणे ओळीनं लावायची आणि मधलं घर बघायचं. ते जितकं गरीब, तितकं अनुदान जास्त. मला, ऑफिसातल्या कारकून बाईला, लगेच हुकूम: "ग्लेनिस, कोंबड्यांच्या कारखान्यातली ती करेन मंडळी गाठा. फी माफ म्हणून सांगा." ब्रह्मदेशातून आलेल्या याच लोकांना गेल्या वर्षी यानंच वाटेला लावलं होतं — आपल्यात रमणार नाहीत म्हणे. शी.

२ मार्च
सहा घरं आली. त्यातली नॉ मू कारखान्यातली पाळी संपवून थेट शाळेत — बाहीला पीस चिकटलेलं. तिची मुलगी एथॉ पाचवीत बसली.

३० मार्च
एथॉनं वर्गापुढे अख्खं पान वाचलं. नॉ मू खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती. मग मला डबाभर भात देऊन गेली.

१९ मे
हिशेबनीस आला आणि टिन्डेलचं तोंड उतरलं. कारखान्यातली नवरा-बायको दोघंही दोन-दोन पाळ्या करतात, पै न् पै कागदावर. त्यांच्यामुळे मधला आकडा वरच सरकणार! आणि आमचे जुने पालक रटलेज? चार हजार मेंढ्या, स्वतःचं हेलिकॉप्टर. पण सगळं कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर, म्हणून कागदावर कफल्लक. चोर सोडून संन्याशाला फाशी. टिन्डेल म्हणतो, "सरकारचा नियम आहे, आपण काय करणार?" पुढ्यात रटलेजनं दिलेली वाइन!

२० मे
फीमाफी रद्द. सहाही पत्रं मीच टाइप केली.

२६ मे
नॉ मू पत्र घेऊन आली. "आमचं काय चुकलं, बाई?"
टिन्डेल आतून म्हणाला, धोरण बदललं म्हणून सांगा. मला नाही जमलं. म्हटलं, "काही चुकलं नाही गं. तुम्हा दोघांची मिळकत जास्त भरली, एवढंच."
"जास्त? आमची?" ती हसली. मग पत्राची नीट घडी घालून गेली. पूर्ण फी त्यांच्या आवाक्यातली नाही, सत्र संपलं की एथॉ बाहेर. निदान मी तरी खरं बोलले, म्हणून जरा बरं वाटलं.

११ जून
रटलेजच्या दोन्ही मुलांना निम्मी फी! अर्जावर कारण — "आर्थिक ओढाताण." त्यावर शिक्का मारला मीच. माझीच मला किळस येते.

२१ जून
नॉ मू भर दुपारी आली, केस विंचरून. चेहरा खुललेला. "बाई, मी कारखाना सोडला. आता नवऱ्याचीच मिळकत. आता एथॉला ठेवाल ना?"
सरकार करपत्रकं दोन वर्षांपूर्वीची धरतं. हे मी तिला सांगितलंच नव्हतं.