कोरड्या गोदीतलं साक्षगंध

हिंगणघाट
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. अंकितास मामाचे अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा फोटो पोहोचला. चार चार शब्दांचे निरोप धाडण्याच्या या काळात तू मामाची अट पाळून कागदावर लिहितेस आणि मग त्याचा फोटो पाठवतेस, याचं पुण्य तुला लागो. अक्षर मात्र अजून जहाजासारखंच डोलतं.

इकडे एक घोटाळा झाला आहे. जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद राहणार, हे तुझं वाक्य मी तुझ्या आईला, गोपिकाताईला, मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढचं वाचायला मी चष्मा पुसेपर्यंत तिनं आष्टीला फोन लावला होता. आपल्याकडे कापसाचं जिनिंग बंद झालं की माणसं डबे घेऊन घरी येतात, तेव्हा जहाज बंद झालं की पोरगी घरी, हा तिचा सिद्धांत. ऋतिकच्या आईनं, कौशल्याबाईंनी, तिथल्या तिथं पंचांग काढलं. रविवार, १६ तारीख. तुझं साक्षगंध, पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते. समाजभवन ठरलं, आचारी ठरला, ठरायची फक्त नवरी राहिली.

वर पसंत आहे हे मी गृहीत धरतो. ऋतिक रोपवाटिकेतल्या वांग्या-टमाट्यांशी बोलत नसेल तेवढं तुझ्याशी फोनवर बोलतो, अशी माझी माहिती आहे. कौशल्याबाई कडक आहेत, पण त्यांची काळजी नको. तुझं जहाज म्हणजे तरंगती इंद्रसभा, संगमरवरी जिने, काचेची झुंबरं, असं मी त्यांना सहा महिन्यांपासून ऐकवतो आहे. ऐकताना त्या अगदी गप्प होतात. भारावत असाव्यात.

तेव्हा निघण्याचं कळव. लोभाला खाऱ्या हवेत गंज चढू देऊ नकोस.

तुझा
पुंडलिकमामा

~

काडिझ, स्पेन
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

मामा, जहाज बंद म्हणजे प्रवासी बंद. आम्ही दुप्पट चालू. चष्मा जरा लवकर पुसायला हवा होता.

जहाज गोदीत शिरलं, मागून दरवाजा लागला आणि पंपांनी सगळं पाणी उपसून टाकलं. आता हे चौदा मजली धूड कोरड्या जमिनीवर, ठोकळ्यांवर उभं आहे. तुमच्या भाषेत, त्याला निर्जळी घडली आहे. तळाला चिकटलेले शिंपले फवाऱ्यानं खरवडतात, मग नवा रंग. आत तर विचारूच नका. गालिचे उपटले, गाद्या फेकल्या, छत काढलं, वायरी वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबतात. वाचनालय पाडून तिथं खोल्या काढताहेत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे एका ओळीत उरकते. आमच्या मजल्यावरचं पाणीही बंद आहे. आईला सांगा, ज्या कामासाठी ती लहानपणी टमरेल घेऊन शेतात जायची, त्याच कामासाठी तिची पोरगी हेल्मेट घालून जिने उतरून धक्क्यावर जाते.

मी पाव भाजणारी, पण सध्या वेल्डिंगवाल्याशेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन बसते आणि ठिणग्यांवर नजर ठेवते. याला तुम्ही अग्निहोत्र म्हणाल, ते मी आधीच म्हणून टाकते.

आता खरं ते. आमची पावभट्टी आजवर तळाच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत होती. आता ती वर, प्रवाशांच्या मजल्यावर, काचेच्या भिंतीआड येते आहे. मुख्य आचाऱ्यानं मला सांगितलंय की नवी भट्टी मी पेटवायची, पहिला घाणा त्याच्यासमोर उतरवायचा, आणि तो जमला तर भट्टी माझ्या ताब्यात. मी इथं नसले तर दुसऱ्या कुणाच्या. ते याच दिवसांत होणार, नेमकं कधी ते वायरमनच्या हाती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पीठ मळलं ते याचसाठी. मी येऊ शकत नाही.

आणि ऋतिकही मला हवा आहे. हे तुमच्यापुढे लिहिताना अक्षर डोललं, जहाज नाही. तेव्हा दोन्ही राहतील असं काही करा. फोनवरून साक्षगंध होत असेल तर मी हजर राहते.

मायेची दोरी धक्क्याला घट्ट बांधून ठेवा.

आपली
अंकिता

~

हिंगणघाट
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. अंकितास अ. उ. आ.

हा फोटो शेजाऱ्याच्या फोनवरून धाडतो आहे. माझा फोन तांदळाच्या डब्यात आहे. का, ते क्रमानं सांगतो.

नवरीच्या पाटावर माझा फोन ठेवला, मागे तांब्याचा टेकू. ताईनं फोनला गजरा घातला. तू उमटलीस आणि मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. नारिंगी डगला, पिवळं हेल्मेट, गालावर काजळी, वर छताचा सांगाडा, आणि मागे कुणीतरी जिवाच्या आकांतानं हातोडा घालतोय. इंद्रसभा ती हीच, हे पटवणं बृहस्पतीलाही जमलं नसतं. कौशल्याबाईंनी मला विचारलं की मास्तर, हे जहाज बनून राह्यलं का मोडून राह्यलं? मी जीर्णोद्धार या विषयावर संस्कृतात दोन वाक्यं बोललो. अडचणीत मला तेवढंच सुचतं.

पण बाई रीतीच्या पक्क्या. फोनच्या वरच्या काठाला त्यांनी हळदकुंकू लावलं. मग पोरीचे पाय धुवायची वेळ आली. पाय नेमके कुठे, यावर बायकांत मतभेद झाले. शेवटी खालचा काठ म्हणजे पाय असं ठरलं आणि बाईंनी तिथं पळीभर पाणी घातलं. चार्जरचं भोक तिथंच असतं. तू एकदा हिरवी झालीस, एकदा जांभळी, आणि मावळलीस.

कौशल्याबाईंनी काळी काच पदरानं पुसून पाहिली. नाई, असं नाई होत, एवढंच म्हणाल्या, आणलेली साडी घडी करून पिशवीत घातली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. ऋतिक मला काही सांगू पाहत होता, त्यालाही ओढून बसवलं. दोनशे माणसं जेवून गेली. भाजी बरी होती, असं सगळे मला मुद्दाम येऊन सांगत होते.

ताई माझ्याशी बोलत नाही. तिचे निरोप भांड्यांच्या आवाजातून येतात. सगळं सोडून पोरगी परत बोलवा, असा त्यांचा अर्थ असावा. मी तसं लिहिणार नाही. इंद्रसभा मी उभारली, तिचा भुर्दंड तुझ्या भट्टीनं का भरावा? पण आष्टीला कोणत्या तोंडानं जाऊ, तेही सुचत नाही.

माझ्यावरचा लोभ ओला झाला असल्यास उन्हात वाळवून ठेव.

तुझा
मामा

~

आष्टी
दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. अंकिताले कौशल्याबाईचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यली अन ऋतिक लिहून राह्यला. तू रविवारपासून त्याचा फोन उचलून नाई राह्यली, म्हणून कागदावर आली. (उचल ना. – ऋतिक)

तुले वाटलं असन, जहाज खंडर दिसलं म्हणून बुढी रागावली. मी काऊन रागावू? घर सारवाले काढलं का सामान आंगणात येतेच. मी रागावली तुह्या मामावर. त्यानं मले सहा महिने संगमरवरी जिने अन झुंबरं ऐकवले. मले झोप नाई लागे. इंद्राच्या घरची पोट्टी माह्या सैपाकघरात येईन अन धुरानं काळ्या झालेल्या भिती पाहून नाक मुरडन, असं वाटे. मंग तुहं काजळीचं थोबाड पाह्यलं अन मले हायसं झालं. (‘थोबाड’ मी गाळणार होतो. आईनं परत वाचून दाखवायला लावलं.)

साडी वापस आणली ते सोयरीक मोडाले नाई. फोनले साडी कशी नेसवू? ते पोरीच्या ओटीतच घालीन. तुह्या मामाले तसं सांगतलं असतं, पण तो संस्कृतात बोलून राह्यलता.

ऋतिकनं मले भट्टीचं सांगतलं. आता ऐकजो. माह्या सासूनं चूल माह्या हाती देल्ली तवा माहे केस पिकले होते. तोवर पीठ मी मळाचं, भाकर मी थापाची, अन मीठ किती ते तिनं सांगाचं. कोनी चूल हाती देऊन राह्यलं तं बाईनं तिच्यापासून उठू नाई, साक्षगंधासाठी बी नाई. तू भट्टी पेटव अन मंग येजो. लग्न झाल्यावर जहाजावर जाशीन का नाई, ते तुमी दोघं पाहा. मी एवढंच सांगते, माह्या घरची चूल मी एवढ्यात सोडून नाई राह्यली. (सगळ्या उदारपणाचं कारण हेच असावं, असा मला संशय आहे. तू जा. मी रोपं सांभाळून वाट पाहीन.)

माही एकच अट हाय. तुह्या मामानं आता कोनत्याच गोष्टीचं वर्णन करू नाई.

पोटभर जेवत जाजो.

कौशल्याबाई

~

काडिझ
दि. २६ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

वायरमननी आमची भट्टी अगदी शेवटी जोडली. काल पेटली. नेमकं तेव्हाच गोदीत पाणी सोडलेलं, जहाज ठोकळ्यांवरून उचललं जाताना किंचित कललं आणि पहिला घाणा एका बाजूनं करपला. मुख्य आचाऱ्यानं पाव उचलला, करपलेली बाजू खरवडली, उभ्या उभ्या सगळा खाल्ला आणि माझ्या नावाची पट्टी भट्टीच्या दारावर लावून निघून गेला. मामा, जहाजावर आल्यापासून आज पहिल्यांदा मी दिवसाच्या उजेडात पीठ मळलं. ते इतकं पांढरं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

फेब्रुवारीत करार संपतो. साक्षगंध तेव्हा. धुवायचे पाय मी स्वतः घेऊन येईन. त्यानंतर पुन्हा जहाजावर; ऋतिकशी बोलले आहे.

कौशल्याबाईंच्या पत्राचा फोटो सोबत आहे. आईलाही वाचून दाखवा, पण या वेळी शेवटपर्यंत. शेवटची अट तुमच्यासाठी आहे. जमेल का, ते उलट टपाली कळवा.

आपल्या मायेत माझी खोली राखीव असू द्या.

आपली
अंकिता

~

हिंगणघाट
दि. २८ नोव्हेंबर २०२५

चि. अंकितास आशीर्वाद.

भट्टी पेटल्याचं कळलं. आनंद झाला.

अट मान्य आहे.

ताई बोलू लागली. काय बोलते, ते वर्णनात मोडतं.

लोभ आहे. किती, तेही वर्णनच झालं.

मामा